दऱ्या, दर्या आणि तीन ऑपरेटिंग सिस्टिम

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी मागल्या पडवीत फणस फोडायला बसलो होतो. दोन्ही हातांना खोबरेल, त्यावर चीक. आईने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"अहो, १९४३ सालची पत्रिका मांडायला घेतली की तुमचा प्रोग्राम फटकन बंद होतो. १९७१ ची होते, ८५ ची होते. म्हाताऱ्यांशी काय वाकडं आहे त्याचं?"

"प्रोग्राम माझा नाही, गुरुजी. त्याच्या आतलं तारखांचं गणित तेवढं माझं."

"तेच ते. आतलंच बिघडलंय."

ते आतलं म्हणजे 'उधाण'. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेतली माझी क्लास लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत बसवायचे तयार भाग. तारीख, वेळ, तिथी, सूर्योदय, भरती-ओहोटी, आणि या सगळ्याला लागणारी मराठी मजकुराची हाताळणी. क्लास लायब्ररी ही स्वतः पानात पडणारी गोष्ट नव्हे. वाटण आमचं, कालवण ज्याचं त्याचं. रत्नागिरीच्या गुरुजींकडचा पत्रिकेचा प्रोग्राम हे एक कालवण, ते विंडोजवर. पुण्यातल्या एक बाई दिनदर्शिकेची पानं मांडतात, ते मॅकवर. आणि आमच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात, भरतीची वेळ दाखवणारा एक बोर्ड आहे, तो लिनक्सवर, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर. मी पुण्यात नोकरीला असताना हौसेखातर लिनक्सवर हे सुरू केलं. मार्च २०२० मध्ये दापोलीजवळ घरी आलो आणि इथलाच झालो.

लिनक्सवरचं विंडोजवर न्यायचं म्हणजे आठवड्याचं काम, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच दिवशी चंद्राचा क्लास कंपायल होईना, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर होईना. चूक दाखवली होती साध्या ओळीत, जिथे मी दोन आकडे ठेवले होते: चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाचं अंतर आणि सर्वांत लांब असतानाचं. त्यांची नावं होती 'नियर' आणि 'फार'. दोन तास त्या ओळीकडे बघत होतो. एक अक्षर चुकीचं नव्हतं. शेवटी कंपायलरला सांगितलं, मॅक्रो, म्हणजे आधीच दुसऱ्या मजकुराने बदलायचे शब्द, उलगडून झाल्यावर तुला काय दिसतं ते दाखव. तर तिथे नावंच नव्हती! नुसता स्वल्पविराम. विंडोजच्या हेडर फायलींत नियर आणि फार हे दोन शब्द मॅक्रो म्हणून लिहिलेले आहेत आणि त्यांची किंमत आहे शून्य अक्षरं. सोळा बिटांच्या काळात मेमरीचे तुकडे पाडलेले असत. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, जवळच्या तुकड्यातला की लांबच्या, हे सांगायला ते शब्द लागत. तो काळ गेला, शब्द तेवढे रिकामे होऊन राहिले, जुना कोड मोडू नये म्हणून. चंद्र जवळ असो की लांब, विंडोजच्या लेखी दोन्ही नाहीत. नावं बदलली. त्याच दिवशी 'ऑक्स' नावाचं एक फोल्डरही बदलावं लागलं, कारण डॉसच्या दिवसांपासून ते नाव उपकरणासाठी राखीव आहे.

मग मराठी फायली. माझ्या माहितीच्या फायलींची नावं मी मराठीत ठेवतो, हट्टाने. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ, त्यामुळे यूटीएफ-८ मधलं, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीतलं, काहीही चालतं. विंडोजवर साध्या फंक्शनने फाइल उघडायला गेलात तर नाव आधी त्या मशिनच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक तक्त्यातून, जातं. आणि देवनागरीसाठी तसलं कोडपेज विंडोजमध्ये नाहीच, हिंदी-मराठी तिथे आली तीच युनिकोडमधून. म्हणजे 'दाभोळ'चं होतं प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह. उपाय सोपा आहे, रुंद अक्षरांची वेगळी फंक्शनं वापरायची. पण ती लिनक्सवर नाहीत. म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'विंडोज असेल तर हे, नाहीतर ते'. आठवड्याभरात कोड असा झाला, की जिकडेतिकडे ठिगळं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडे ते किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली-मंडणगड भागाची पार दैना करून गेलं. आमची माडाची झाडं आडवी झाली, वाड्याची कौलं उडाली, लॅपटॉप पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला म्हणून वाचला. वीज पुष्कळ दिवस नव्हती. कौलं चढवायची, झाडं तोडायची, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात करण्यासारखं काहीच नाही. तेव्हा मी वहीत एक यादी लिहायला घेतली: माझा कोड ऑपरेटिंग सिस्टिमला कुठे कुठे हात लावतो? आठवून आठवून लिहिलं. फाइल उघडणे, फोल्डर वाचणे, आताची वेळ, स्थानिक वेळ, पडद्यावर मजकूर. वाटलं होतं शेकडो निघतील. निघाली चाळीसेक.

वीज आल्यावर ती चाळीस एका फोल्डरात नेऊन बसवली. फोल्डरचं नाव ठेवलं 'वेस'. वेशीच्या आत फक्त माझे नियम: मजकूर यूटीएफ-८, वेळ म्हणजे चौसष्ट बिटांतले सेकंद, फाइलचं नाव म्हणजे मराठी नाव. वेशीवर तीन चौक्या, प्रत्येक सिस्टिमची एक. तिकडची भाषा तिथेच बोलायची. गावात आणायची नाही. स्वच्छतेच्या भरात आणखी एक खोड निघाली: लिनक्सवर 'लाँग' हा आकडा आठ बाइटांचा, विंडोजवर चौसष्ट बिटांच्या मशिनवरसुद्धा चारच. मी तो सरळ फाइलमध्ये ओतत होतो. सगळीकडे बिटांची संख्या स्पष्ट लिहिलेले प्रकार घातले आणि पुढे गेलो.

तरी १९४३ वेशीतून निसटलं होतं.

सेकंदांवरून स्थानिक वेळ काढणारं सी भाषेचं एक जुनं फंक्शन आहे. १ जानेवारी १९७० ला शून्य धरून सेकंद मोजायचे, त्याआधीचे ऋण. लिनक्सवर ऋण आकडा दिला तरी ते बिनतक्रार तारीख देतं. विंडोजच्या कंपायलरबरोबर येणारं तेच फंक्शन १९७० च्या आधीचा क्षण दिला की रिकामा पॉइंटर हातात ठेवतं. तसं त्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलेलंही आहे, मीच वाचलं नव्हतं. रिकाम्या पॉइंटरवर पाय पडला की प्रोग्राम कोसळणारच. दुरुस्ती अर्ध्या तासाची. विंडोजचं स्वतःचं टाइमझोनचं फंक्शन वापरलं, गुरुजींना नवी आवृत्ती पाठवली, आणि फणसाचे गरे खायला बसलो.

सवयीने तीच पत्रिका माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवरही काढून पाहिली. विंडोजवर कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास कर्क. लिनक्सवर मिथुन.

एकच कोड, एकच जन्मवेळ, एकच गाव. दोन पत्रिकांत बरोबर एका तासाचा फरक. ग्रहांचं गणित तपासलं, अक्षांश-रेखांश तपासले, रात्री एक वाजला. सकाळी लाजत गुरुजींना फोन केला.

"जन्म कधीचा म्हणालात?"

"जुलै १९४३. सकाळी सात वाजून दहा मिनिटं."

"माझ्याकडे दोन उत्तरं येतायत, तासाभराच्या फरकाची."

पलीकडे क्षणभर शांतता, मग हसणं. "अहो, लढाईचा काळ तो! सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती. आमचे वडील त्या सालांतल्या पत्रिकेला आधी तास वजा करायचे, मग पंचांग उघडायचे. तुमच्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलं नाही?"

लिनक्सला सांगितलेलं होतं. टाइमझोनची आयएएनए संस्थेकडे असलेली जी सार्वजनिक माहिती लिनक्स आणि मॅक वापरतात, तिच्यात आशिया/कोलकाता या नोंदीखाली ते आहे: १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे, एरवीसारखी साडेपाच नव्हे. विंडोजच्या टाइमझोनच्या तक्त्यात भारतासाठी एकच आकडा होता, साडेपाच, सर्व काळासाठी.

पण लिनक्स म्हणतं म्हणून खरं मानायचं का? त्या गावात १९४३ साली कोणतं घड्याळ चालत होतं, कोणी सांगावं! गुरुजींनी त्यावरही तोड काढली. पत्रिका ज्या आजींची, त्यांचे वडील पोस्टात होते. त्यांनी जन्माची नोंद वहीत केली होती, तिच्यात वेळेपुढे लिहिलं होतं: 'पावसाची उघडीप. सूर्योदय.' रत्नागिरीला जुलैच्या सुरुवातीला सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाने सहाच्या थोडं पुढे. सात दहाला सूर्योदय झाला असेल तर घड्याळ तासभर पुढेच होतं. "शिवाय," गुरुजी म्हणाले, "सूर्योदयाचा जन्म म्हणजे सूर्य लग्नीच असणार. आषाढातला सूर्य मिथुनेत. मग कर्क लग्न कुठून आणता?"

माझ्याकडे यापेक्षा चांगली टेस्ट आजवर कोणी लिहून दिलेली नाही. ती जशीच्या तशी लायब्ररीत आहे, नाव 'पोस्टमास्तरांची वही'. आणि टाइमझोनची माहिती आता मी कुठल्याच सिस्टिमकडून घेत नाही. ती सार्वजनिक असल्याने लायब्ररीतच बांधून देतो, नवी आवृत्ती आली की बदलतो. थोडं वजन वाढतं. वाढू दे.

मॅकचं दुखणं वेगळंच निघालं, आणि ते आपल्या भाषेचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मित्राकडून जुना मॅक मिनी घेतला होता, हार्ड डिस्कवाला, जुन्या सिस्टिमचा. फोल्डरातल्या फायली वाचायच्या, नावावरून हवी ती निवडायची, एवढंच काम. बारा फायली मिळत, तेरावी नाही. तेरावी होती 'वाऱ्यांची-नोंद'. फोल्डर उघडून बघितलं तर समोर दिसत होती. सगळ्या फायली झिप करून लिनक्सवर आणल्या आणि आधीच्या फोल्डरात उलगडल्या, तर 'वाऱ्यांची-नोंद' तिथे दोनदा. एकाच फोल्डरात, एकाच नावाच्या दोन फायली. आई चहा घेऊन आली होती, तिला दाखवलं. "मग एक पुसून टाक की," ती म्हणाली.

दोन्ही नावांचे बाइट छापून बघितले. पहिल्यात ऱ म्हणजे ई० ए४ बी१, तीन बाइट. दुसऱ्यात त्या जागी सहा: ई० ए४ बी०, मग ई० ए४ बीसी. म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण र अधिक नुक्ता असं त्याचं विघटनही मान्य आहे. मॅकची जुनी फाइल पद्धत, एचएफएस प्लस, नाव साठवतानाच अशी सगळी अक्षरं फोडून ठेवते. ते तिचं ठरवलेलं वागणं आहे, बिघाड नाही. २०१७ मध्ये आलेली नवी पद्धत, एपीएफएस, दिलेलं नाव दिल्यासारखं ठेवते. क, ख, ग फुटत नाहीत. म्हणून बारा फायली सापडल्या. फुटतो तो ऱ, आणि तो लागतो कोणाला? वाऱ्याला, किनाऱ्याला, सुऱ्याला, कोऱ्या चहाला. कोकणात तर फाइल ठेवली आणि ऱ आला नाही असं होतच नाही.

दोन रूपं एक मानायची तर युनिकोडच्या नियमांनी नॉर्मलाइज करायचं, म्हणजे फोडलेलं पुन्हा जोडायचं. ते केलं. मग पुण्याहून निरोप, अजून काही फायली सापडत नाहीत. त्यांच्या कीबोर्डवरून तिसरंच रूप येत होतं: साधा र, हलन्त, आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तोच आडवा डोळ्याच्या केसासारखा र. हे तिसरं रूप मात्र नॉर्मलायझेशनचे नियम पहिल्याशी जोडत नाहीत.

इथे मी शहाणपणा केला. न दिसणारं चिन्ह हवंय कशाला, म्हणून तुलना करायच्या आधी असली सगळी चिन्हं गाळून टाकली. फायली सापडल्या. चार दिवसांनी दिनदर्शिकेच्या एका पानाचं प्रूफ आलं. पावसाळी सहलींवरचा मजकूर होता, त्यात 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, आणि छापून आलं होतं 'सह्याद्रीच्या दर्या'. जोडचिन्ह गेलं की ऱ्याचा र्या होतो. दरीचं अनेकवचन समुद्र झालं. तुलनेसाठी केलेली गाळणी मी चुकून मूळ मजकुरावरही चालवली होती. त्या बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'घाटमाथ्यावर समुद्र कधी आला?'

तेव्हापासून नियम असा: र, हलन्त, जोडचिन्ह ही त्रयी दिसली तर तुलनेपुरता तिचा हलन्त ऱ करायचा, गाळायचं काहीच नाही, आणि मूळ मजकुराला हात लावायचा नाही. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंक्तीला बसवलं जात नाही ना, हे दर आवृत्तीला तिन्ही सिस्टिमवर तपासलं जातं.

तिन्हीवर तपासणं आता सोपं झालंय. कोड वर पाठवला की कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या तीन मशिनी तो कंपायल करून टेस्ट चालवतात, मी लाल-हिरव्या खुणा बघतो. लिनक्ससाठी एक गोष्ट फोड येईपर्यंत कळली नाही: उबुंटू २२.०४ वर बांधलेली लायब्ररी त्याआधीच्या २०.०४ वर चालत नाही, कारण खालची जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जुनी पडते. उलटं चालतं. म्हणून बांधायचं ते सांभाळायच्या असलेल्या सर्वांत जुन्या मशिनवर.

राहिला बंदरावरचा बोर्ड. त्याला मी सोपा समजत होतो, कारण लिनक्सच. लॅपटॉपवर लिनक्स, पायवर लिनक्स. बसवायच्या दिवशी बोर्ड चालू केला आणि तो 'माहिती वाचत आहे' वर जो थांबला तो थांबलाच. तांडेल मामा, कारखान्याचा मॅनेजर आणि पाच-सहा पोरं उभी. मी घामाघूम.

घरी येऊन शोधलं. फाइलमधून एकेक अक्षर वाचायचं आणि उणे एक आलं की फाइल संपली, असा माझाच जुना कोड. ते अक्षर मी 'चार' (कॅरेक्टर, म्हणजे अक्षर) या प्रकारात ठेवत होतो. इंटेलच्या मशिनवर तो प्रकार उणे १२८ ते १२७ धरतो. पायच्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये ० ते २५५. उणे एक त्यात ठेवलं की २५५ होतं, आणि २५५ कधीच उणे एक होत नाही. फाइल संपूनही बिचारा वाचतच राहायचा. चूक दहा वर्षं तिथे होती. इंटेलवर ती एरवीही पकडली गेली असती, जर फाइलमध्ये कधी २५५ हा बाइट आला असता. पण यूटीएफ-८ मध्ये तो येतच नाही. माझ्या शुद्ध मराठीनेच मला दहा वर्षं झाकून ठेवलं.

बोर्ड चालू झाला आणि उन्हाळाभर नीट चालला. पाऊस लागला तशी वीज जायला लागली. एका सकाळी मामांचा फोन: "अरे, तुझ्या डब्याला काय झालंय? भरती लागून गेली, होड्या बाहेर पडल्या, नि तो अजून ओहोटी दाखवतोय."

पाय ३ ला स्वतःचं चालू राहणारं घड्याळ नाही. बंद होण्याआधी तासातासाला नोंदलेली वेळ तो जागा झाल्यावर खरी धरतो, आणि नेट मिळालं की सुधारतो. आमच्याकडे वीज गेली की टॉवरही थोड्या वेळाने जातो. डबा जागा झाला, त्याच्या मते अजून पहाटेचे तीन. लायब्ररीने तीनची भरती-ओहोटी बिनचूक काढून दिली.

इथे दोष माझ्या क्लासचा होता. 'आताची वेळ' विचारली की तो नेहमी उत्तर द्यायचा. उत्तर नाही, असं म्हणायची सोयच ठेवली नव्हती. लिनक्सला विचारता येतं की घड्याळ नेटवरच्या वेळेशी जुळलंय का. ते वेशीवर विचारून आत कळवायचं, आणि खात्री नसेल तर बोर्डाने आकडा दाखवायचाच नाही. ते केलं. जोडीला सेलवर चालणारं घड्याळाचं छोटं सर्किटही लावलं, डीएस ३२३१ चं. पहिला पावसाळा संपेपर्यंत खाऱ्या हवेने त्याच्या सेलची पट्टी हिरवी पडली.

त्यामुळे यंदा आषाढात वीज गेली, आली, आणि बोर्डावर आलं: 'वेळ ठाऊक नाही'. मी तिथेच होतो. मामा आत आले, बोर्ड वाचला, माझ्याकडे बघितलं.

"आज तिथी कुठली?"

"दशमी."

"दशमीची पाऊणपट साडेसात. झालं." तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अगदी मिनिटाला धरून नसतो, पण होडी काढायला पुरतो. "हे एवढंही येत नाही त्याला?"

"येतं मामा. पण तिथी काढायला तारीख लागते, आणि वेळ हरवली की तारीखही त्याला खात्रीने ठाऊक नसते."

मामांनी बर्फाची पाटी डोक्यावर घेतली आणि दारातून म्हणाले, "मग त्याला रात्री वर बघायला सांग की."